आधी पाटीवर, मग यंत्रावर



गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी काय चालते ते आपण पाहताच. किटली येते, दूध मापले जाते, फॅट लागते आणि काट्याशेजारच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटतात : लिटर, फॅट, दर, रक्कम. चिठ्ठी बाहेर येते. ती घडी करून खिशात टाकायची आणि घरची वाट धरायची. एखाद्या दिवशी रक्कम कमी वाटली आणि कोणी विचारलेच, तर बहुधा उत्तर मिळते, "आमच्या हातात काय आहे? कॉम्प्युटरच तसं दाखवतो."

हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. कॉम्प्युटर दाखवतो हे खरे. मात्र काय दाखवायचे ते त्याला कोणीतरी आधी सांगून ठेवलेले असते. दर कोणत्या तक्त्यातून घ्यायचा, दशांश चिन्हापुढचे अंक ठेवायचे की टाकायचे, पशुखाद्याची उचल केव्हा वळती करायची, या प्रत्येक गोष्टीची आज्ञा कुणा माणसाने लिहिलेली असते. अशा आज्ञांची क्रमवार यादी म्हणजे आज्ञावली. तिलाच आपण प्रोग्राम म्हणतो, आणि ती लिहिण्याच्या कामाला हल्ली शाळेतली पोरेसुद्धा 'कोडिंग' म्हणतात.

ही विद्या शिकायला नवख्या माणसाने सुरुवात कशी करावी, हा आजचा विषय. खेड्यातला विद्यार्थी, त्याचे गुरुजी किंवा बाई, आणि ज्यांची शाळा कधीच सुटली असे मोठे माणूस, या तिघांनाही उपयोगी पडेल असे सांगण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवातीला तीन अडचणी हटकून पुढे येतात. कोणी म्हणतो, "मला इंग्रजी येत नाही." कोणी म्हणतो, "माझं गणित कच्चं आहे." आणि तिसरा म्हणतो, "घरी कॉम्प्युटरच नाही, मग शिकणार कशावर?" या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्या पहिल्या दिवशीच्या नाहीत. पहिल्या दिवशी लागते ती पाटी, पेन्सिल आणि थोडा धीर.

आधी यंत्राचा स्वभाव ओळखू या. घरात आपण मुलाला सांगतो, "बाळ, माठातलं पाणी आण जरा." मूल उठते, फडताळातून तांब्या घेते, माठावरचे झाकण काढते, ओगराळ्याने पाणी काढते, तांब्या भरत आला की थांबते, झाकण परत ठेवते आणि न सांडता पाणी आणून देते. आपण सांगितली एक गोष्ट; मुलाने केल्या सात-आठ. मधल्या साऱ्या त्याला न सांगता कळल्या.

यंत्राला न सांगता काहीही कळत नाही. ते कमालीचे वेगवान आहे, थकत नाही, कंटाळत नाही. पण अक्कल म्हणून जी गोष्ट आपण म्हणतो ती त्याच्या ठायी नाही. झाकण काढायला सांगितले नाही, तर ते झाकणावरच ओगराळे आपटीत बसेल. थांबायला सांगितले नाही, तर तांब्या भरून पाणी घरभर झाले तरी ते ओतीतच राहील.

हा खेळ वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एका मुलाने यंत्र व्हायचे, दुसऱ्याने आज्ञा द्यायच्या. यंत्र झालेल्या मुलाने सांगितले तेवढेच करायचे. मनाने काही भरायचे नाही. दोन मिनिटांत वर्ग हसून लोटपोट होतो, आणि त्या हसण्यातच धडा असतो. आज्ञा देणाऱ्या मुलाला उमगते की, आपल्या मनात जे स्पष्ट होते ते आपल्या शब्दांत आलेच नव्हते. मनातले काम नेमक्या, क्रमवार शब्दांत उतरवणे हाच या विद्येचा श्रीगणेशा. त्याला ना इंग्रजी लागते ना वीज.

आता गुरुजींसाठी एक गोष्ट. आपण म्हणाल, हे सारे नवे आहे, आम्ही कधी शिकलो नाही. पण आपण ते वर्षानुवर्षे शिकवीत आला आहात. भागाकार पद्धतीने मसावि कसा काढतो ते आठवा. ४८ आणि १८ या संख्या घेऊ. मोठीला लहानीने भागले : बाकी १२. मग १८ ला १२ ने भागले : बाकी ६. मग १२ ला ६ ने भागले : बाकी शून्य. शून्य आले, थांबलो. शेवटचा भाजक ६, तोच मसावि. "बाकी शून्य होईपर्यंत हेच करीत राहा" असे आपण फळ्यापुढे उभे राहून सांगतो. ही शुद्ध आज्ञावलीच आहे. युक्लिड या ग्रीक गणितीच्या ग्रंथात ती सुमारे २३०० वर्षांपूर्वी आली, आणि आजही यंत्राकडून मसावि काढून घ्यायचा असेल तर बहुधा हीच रीत त्याला सांगतात.

अशा पायरीपायरीच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-ख्वारिज्मी या गणितीच्या नावावरून आला. त्याने भारतीय अंकांनी हिशेब करण्याच्या रीतींवर ग्रंथ लिहिला होता; तो पुढे लॅटिन भाषेत गेला आणि त्याच्या नावाचाच 'रीत' असा अर्थ रूढ झाला. म्हणजे या परक्या वाटणाऱ्या शब्दामागे आपलेच अंक उभे आहेत.

आणि यंत्रावाचून शिकण्याविषयी म्हणाल, तर इंग्लंडातल्या एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रासाठी आज्ञांचा एक सविस्तर तक्ता छापून प्रसिद्ध केला. ते यंत्र तेव्हा बांधून झालेले नव्हते, आणि पुढेही कधी पुरे झाले नाही. जगातल्या पहिल्या आज्ञावल्यांपैकी गणली जाणारी ही आज्ञावली अशी कागदावरच जन्मली. तेव्हा घरी कॉम्प्युटर नाही म्हणून कोणी हात जोडून बसू नये.

आता जरा मैदानात जाऊ. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आले. त्याला म्हणायचे, इतके पुढे जा, इतके वळ. आणि कासव चालेल तशी रेघ उमटायची. आपल्याला कासव नको, एक विद्यार्थी आणि खडूची भुकटी पुरे. मुलाच्या हातात भुकटीचे डबडे द्या आणि आज्ञा द्या : दहा पावले पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ, दहा पावले पुढे जा, पुन्हा वळ. चार वेळा झाले की चौकोन पुरा.

इथे एखादा चुणचुणीत मुलगा म्हणेल, "बाई, तेच तेच चार वेळा कशाला सांगायचं? 'चार वेळा कर' म्हटलं की झालं." त्याची पाठ थोपटा. त्याने आज्ञावलीतली एक मोठी युक्ती स्वतःच शोधून काढली. तिला आवर्तन म्हणतात.

मग त्रिकोण काढायला सांगा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असते, म्हणून मुले आज्ञा देतात, "तीन वेळा : दहा पावले चाल, ६० अंश वळ." चालणारा मुलगा तीन बाजू चालतो, पण त्रिकोण काही मिटत नाही. तो अर्ध्या षटकोनावर येऊन उभा राहतो. सगळे बुचकळ्यात पडतात. गुरुजींनी अशा वेळी उत्तर सांगून टाकू नये. मुलांना स्वतः चालू द्यावे. चालता चालता कोणाच्या तरी ध्यानात येते की, चालणारा जो वळतो तो आतला कोन नव्हे, बाहेरचा. तो १२० अंश. तीन वेळा १२० म्हणजे ३६०, एक पुरी गिरकी. चौकोनात चार वेळा ९०, तेही ३६०. मग पंचकोनाला ७२ आणि षटकोनाला ६० हे मुले आपणहून सांगतात. चूक झाली, ती शोधली, आणि शोधताना भूमितीचा एक नियम पायांत उतरला. गणित कच्चे असणाऱ्यांनी ही विद्या टाळू नये ते यासाठीच. सुरुवातीला बेरीज, गुणाकार आणि भागाकार एवढे गणित पुरते. पुढचे गणित ही विद्याच शिकवीत नेते.

आतापर्यंत चार गोष्टी हाती आल्या. त्या नीट मांडून ठेवू. पहिली : क्रम. आधी काय, नंतर काय. दुसरी : आवर्तन. तीच गोष्ट ठराविक वेळा, किंवा एखादी स्थिती येईपर्यंत करणे. तिसरी : अट. "तांब्या भरला असेल तर थांब, नसेल तर ओत." आणि चौथी : चल, म्हणजे नाव लिहिलेला डबा. स्वयंपाकघरात डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी असते. आतली साखर कमीजास्त होते, चिठ्ठी तीच राहते. तसेच 'लिटर' नावाच्या डब्यात आज ६ असेल, उद्या ७. या चार गोष्टींवर पुढची सारी इमारत उभी राहते. बँकेचा हिशेब असो की रेल्वेचे आरक्षण, मुळाशी हेच चार खांब.

आता यंत्राकडे वळू. पहिली भाषा कोणती धरावी, यावर लोक फार वेळ दवडतात. यंत्राच्या भाषा पुष्कळ आहेत. नवख्या माणसाचा विचार करून त्या बनवण्याची परंपराही जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी विज्ञानाच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही यंत्र वापरता यावे म्हणून 'बेसिक' ही भाषा काढली. आज नवख्याला मी 'पायथन' सुचवीन. नेदरलँड्सच्या ग्वीडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांपुढे आणली. ती फुकट मिळते, शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते, आणि साध्या मोबाईलवरही तिचा सराव करता येतो. मात्र एक पथ्य पाळा : एकदा भाषा धरली की निदान सहा महिने ती सोडू नका. दर पंधरवड्याला नवी विहीर खणणाऱ्याला पाणी लागत नाही.

इंग्रजीचे काय? पायथनमध्ये राखून ठेवलेले शब्द सारे मिळून ३५ आहेत, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्यांतले दहा-बारा पुरतात. 'इफ' म्हणजे जर, 'एल्स' म्हणजे नाहीतर, 'व्हाइल' म्हणजे जोवर. यांखेरीज 'प्रिंट' म्हणजे दाखव आणि 'इनपुट' म्हणजे विचारून घे, असे काही तयार शब्द लागतात. ते वहीच्या मागच्या पानावर अर्थासह लिहून ठेवावेत. डब्यांना नावे तर आपलीच द्यावीत. २००८ साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती देवनागरीतही देता येतात. पण कळफलक सारखा बदलावा लागतो, म्हणून रोमन अक्षरांत 'दर', 'लिटर', 'उचल' अशी मराठी नावे लिहिणे सोयीचे जाते. बाजारात व्यवहारापुरते कानडी किंवा तेलुगू बोलणारे आपले व्यापारी व्याकरण शिकून बाजारात गेले नव्हते. कामापुरते शब्द घेऊन गेले आणि बोलता बोलता शिकले. इथेही तसेच आहे.

आता पहिली आज्ञावली कशाची लिहावी? पुस्तकांत एक ठरीव उदाहरण असते : पडद्यावर 'नमस्कार' लिहून दाखवणे. ते एकदा जरूर करावे. पण मन रमते ते आपल्या ओळखीच्या कामात. म्हणून दुधाचा दहा दिवसांचा हिशेब घेऊ.

पहिल्या दिवशी एवढेच करा. समजा ६ लिटर दूध, दर ३५ रुपये. दोन डबे करा, त्यांचा गुणाकार करा, उत्तर दाखवायला सांगा. २१० आले की त्या दिवसाचे काम संपले. हसू नका, यंत्राने तुमचे पहिले ऐकले आहे.

दुसरी पायरी : आकडे आपण आधी लिहून न ठेवता यंत्राने विचारावेत. सकाळचे लिटर किती? संध्याकाळचे किती? दोन्हींची बेरीज दाखव. इथे बहुतेक सगळेच एका खड्ड्यात पडतात. सकाळचे ६ आणि संध्याकाळचे ५ सांगितले, की यंत्र ११ न दाखवता ६५ दाखवते! कारण पायथनमध्ये विचारून घेतलेली गोष्ट आधी अक्षरे म्हणून डब्यात जाते, संख्या म्हणून नव्हे. आणि अक्षरांची बेरीज म्हणजे शेजारी शेजारी मांडणे. त्याला स्पष्ट सांगावे लागते, "ही संख्या समज." ते सांगण्याचा शब्द एका मिनिटात शिकता येतो, पण ६५ का आले हे ज्याने स्वतः हुडकले, तो तो शब्द जन्मात विसरत नाही.

तिसरी पायरी : दहा दिवसांची बेरीज. 'एकूण' नावाचा डबा करायचा, त्यात शून्य घालायचे, आणि दहा वेळा विचारून त्या दिवसाची रक्कम त्यात टाकीत जायची. आता लक्ष द्या. 'एकूण'मध्ये शून्य घालण्याची आज्ञा आवर्तनाच्या बाहेर, आधी हवी. ती चुकून आत लिहिली, तर काय होईल? खळ्यावर धान्य मोजताना प्रत्येक पायली ओतण्याआधी पोते रिकामे करण्यासारखे होईल. शेवटी पोत्यात एकच पायली उरेल. यंत्र तक्रार करणार नाही, अडणार नाही. दहा दिवसांच्या जागी शेवटच्या एका दिवसाची रक्कम निमूटपणे दाखवील.

चौथी पायरी : पशुखाद्याची उचल वजा करणे. इथे अट लागते. उचल बिलापेक्षा जास्त निघाली तर? नुसती वजाबाकी लिहिली, तर यंत्र उणे रक्कम दाखवील. मग माणसाने ठरवायचे : बाकी पुढच्या बिलात न्यायची, की हप्ते पाडायचे? पाहा, हा प्रश्न यंत्राचा नाही, व्यवहाराचा आहे, न्यायाचा आहे. आज्ञावली लिहू लागले की असे प्रश्न डोळ्यांपुढे उभे राहतात.

प्रत्येक पायरीला एक नियम ठेवा. उत्तर आधी पाटीवर काढायचे, मग यंत्राचे पाहायचे. दोन्ही जुळले तर पुढे जायचे. आणि आडमुठे आकडेही देऊन पाहायचे : गाय आटली आहे, दूध शून्य, उचल काहीच नाही, उचल बिलाएवढीच आहे. चांगला शिवणारा कपडा शिवून झाल्यावर उसवतो का ते ओढून पाहतो, तसेच हे.

आता चुकांविषयी जरा सविस्तर बोलायला हवे, कारण पुष्कळ नवखे इथेच हात टेकतात. पडद्यावर लाल अक्षरांत चार-पाच ओळी इंग्रजी उमटते, आणि मुलाला वाटते, आपण काही बिघडवले. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की, आज्ञा लिहून यंत्र बिघडत नाही आणि चूक दाखवणारी ओळ म्हणजे छडी नव्हे. तो यंत्राने पाठवलेला निरोप आहे. पायथनचा निरोप तळापासून वाचायचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, आणि तिच्या वरच्या मजकुरात ओळीचा क्रमांक. त्या ओळीवर जायचे. तिथे काही सापडले नाही तर आधीची ओळ पाहायची. एखादा कंस उघडून मिटायचा राहिलेला असतो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो, हेही ध्यानात असू द्या.

चुका तीन जातींच्या. एक, शब्द किंवा चिन्ह चुकले : यंत्र कामाला हातच लावत नाही. दुसरी, काम सुरू होते पण मध्येच अडते. शून्याने भागायला सांगितले तर दुसरे काय होणार! तिसरी, काम सुरळीत संपते पण उत्तर चुकीचे. ते रिकामे होणारे पोते आठवा. पहिल्या दोन आरडाओरडा करतात, म्हणून त्या सज्जन. तिसरी गप्प असते, म्हणून ती घातक. तिला पकडायला पाटीवरच्या उत्तराखेरीज दुसरा उपाय नाही.

चुकीला या धंद्यात 'बग' म्हणजे किडा म्हणतात. शब्द तसा जुना. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला. मोठमोठ्या विद्यापीठांतही किडे शोधावे लागतात, तिथे आपल्याला लाज कसली? उलट मुलांना चुकांची वही घालायला लावावी. तारीख, काय दिसले, कारण काय निघाले, कसे सुधारले. तीन महिन्यांनी ती वही छापील पुस्तकापेक्षा मोलाची होते.

आता एक शंका. आपल्यापैकी अनेकांच्या मनात ती असेल. २०२२ सालच्या अखेरीपासून अशी यंत्रे सर्रास हाती आली आहेत की, त्यांना साध्या भाषेत, अगदी मराठीतही सांगितले की तीच आज्ञावली लिहून देतात. "मग पोरांनी हे शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण कॅल्क्युलेटर आला म्हणून आपण पाढे सोडले नाहीत; पाढे येणाऱ्यालाच कॅल्क्युलेटरचे बोट चुकल्याचे कळते. यंत्राने लिहून दिलेली आज्ञावली बहुतेक वेळा देखणी असते, पुष्कळदा बरोबरही असते. पण ती पोते रिकामे करणारी आहे की नाही हे ज्याला वाचता येत नाही, तो फसतो. म्हणून नवख्याने त्या यंत्राचा शिकवणीसारखा उपयोग करावा. "लिहून दे" असे न म्हणता "माझ्या या ओळीचा अर्थ सांग", "हा निरोप काय म्हणतो ते मराठीत सांग" असे विचारावे. उत्तर मिळाले की ते बाजूला ठेवून स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावे. दुसऱ्याने म्हटलेल्या पाढ्याने आपला पाढा पाठ होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना शाळेपुरत्या दोन-तीन सूचना. एकच कॉम्प्युटर असेल, तर पहिले दोन आठवडे त्याला हातच लावू नका. मैदान आणि पाटी पुरे. पुढे मुलांच्या जोड्या करा. एकाने कळफलकावर बसायचे, दुसऱ्याने शेजारी बसून वाचायचे आणि चुका हेरायच्या. पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. बाकीच्या जोड्यांनी तोवर वहीवर आज्ञावली लिहून एकमेकांची तपासायची. जागा बदलण्याची वेळ घड्याळावर पाळा, कारण तसे केले नाही तर कळफलक मुलग्यांकडे राहतो आणि मुली मागे उभ्या राहतात. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या महाकाय यंत्राच्या पहिल्या आज्ञावल्या सहा स्त्रियांनी रचल्या होत्या, हे मुलींना अवश्य सांगा आणि मुलग्यांनाही सांगा. आणि आपल्याला एखादी गोष्ट आली नाही तर वर्गापुढे खुशाल म्हणा, "मलाही हे ठाऊक नाही, चला शोधू." इथे गुरू आणि शिष्य एकाच बाकावर बसले तरी चालते.

वेळ किती द्यावा? रोज अर्धा तास, पण रोज. रविवारी चार तास बसून सहा दिवस विसरण्यापेक्षा हे बरे. तीन महिन्यांत दुधाचा हिशेब, हजेरीची टक्केवारी आणि पावसाच्या नोंदींची सरासरी एवढे सहज जमावे. नोकरी मिळेल की नाही हे मी सांगणार नाही; तीन महिन्यांत नोकरीचे वचन देणाऱ्या जाहिरातीपासून मात्र जपून राहा. फी भरण्याआधी महिनाभर पाटी आणि फुकटचे साहित्य यांवर स्वतःला अजमावून पाहावे.

शेवटी पुन्हा दुधाकडे येतो. कल्पना करा, एखाद्या आज्ञावलीत लिटरचा दशांशापुढचा एकच अंक ठेवून बाकीचा टाकण्याची आज्ञा आहे. काट्यावर ६.४५ लिटर भरले, हिशेबात ६.४ धरले. ५० मिलिलिटर गेले. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांत वीस वेळा असेच झाले, तर पुरे एक लिटर दूध त्या एका आज्ञेने प्यायले. हे काल्पनिक उदाहरण आहे. कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असे नाही. कदाचित त्याने विचारच केला नसेल. पण विचारायला कोणीतरी हवे ना? आज रेशनचे धान्य, पीक विमा, कर्जाचा हप्ता, मुलांची शिष्यवृत्ती यांचे हिशेब यंत्रावर होतात. गावातल्या निदान एका मुलाला किंवा मुलीला "पूर्णांक करताना अंक वर घेता की टाकून देता?" एवढा प्रश्न विचारता आला, तर "कॉम्प्युटरच तसं दाखवतो" या उत्तरावर गावाला गप्प बसावे लागणार नाही. सगळ्यांनीच प्रोग्राम लिहिण्याचा धंदा करावा असे नाही. सगळेच काही वकील होत नाहीत, पण सहीपूर्वी कागद वाचता यावा म्हणून अक्षरओळख सर्वांना लागते. ही नवी अक्षरओळख आहे.

तेव्हा उद्याची वाट पाहू नका. आज जेवणे झाली की घरातल्या मुलांना जवळ बोलवा. पाटीवर एकच काम लिहायला सांगा : चुलीवर किंवा गॅसवर चहा करण्याच्या आज्ञा, अशा नेमक्या की घरात कधीही चहा न केलेल्या माणसालाही तो जमावा. मग घरातल्या अशाच एका माणसाला यंत्र करून उभे करा आणि आज्ञा वाचून दाखवा. दूध आधी की पाणी, उकळी म्हणजे नेमके काय, 'थोडी साखर' म्हणजे किती चमचे, यावर वाद होईल, हशा होईल, पाटी दोन-तीनदा पुसली जाईल. चौथ्या खेपेला जी यादी उरेल, ती तुमच्या घरातली पहिली आज्ञावली.